एकाच नाकपुडीतून पाणी गळतंय: अ‍ॅलर्जी, की मेंदूभोवतालचं पाणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५१, वजन ८४ किलो, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू. १० महिन्यांपासून उजव्या नाकपुडीतून पाणी येतं, वाकलं की धारच लागते. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, दोन तऱ्हेचे स्प्रे, जलनेती, सगळं करून झालं. आता एका डॉक्टरांनी ‘हे मेंदूचं पाणी असू शकतं, ऑपरेशन लागेल’ असं सांगितलंय. हे खरं असेल का, खात्री कशी करायची आणि ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात?

शक्यता दाट आहे. म्हणून तपासण्या होईपर्यंत थांबू नका, आजपासूनच जलनेती, कपालभाती, भस्त्रिका आणि जोरात नाक शिंकरणं बंद करा. नाकाच्या छताला भोक असेल, तर शिंकरताना हवा आणि नाकातले जंतू त्या वाटेने वर ढकलले जातात. शिंक आली तर दाबू नये, तोंड उघडं ठेवून येऊ द्यावी.

मेंदूभोवती जे पाणी असतं त्याला डॉक्टर मंडळी सीएसएफ म्हणतात. एका वेळी ते साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं. त्यामुळे ‘एवढं पाणी गेलं, मेंदू कोरडा पडेल का’ ही भीती बाळगू नका. खरी काळजी उलट दिशेची आहे: जिथून पाणी खाली येतं, तिथूनच जंतू वर जातात. हा धोका रोजच्या गळतीच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. महिन्यातून चार थेंब पडणाऱ्यालाही मेंदूज्वर होऊ शकतो.

आता अ‍ॅलर्जी आणि हे, यांत फरक कसा करायचा? अ‍ॅलर्जीचं पाणी दोन्ही बाजूंनी येतं, सोबत शिंकांची माळ, नाकाला-डोळ्यांना खाज. गार वाऱ्याने किंवा झणझणीत मिसळीने गळणारं नाकही दोन्हीकडून गळतं आणि ताट बाजूला सारलं की थांबतं. जलनेतीचं थोडं पाणी सायनसमध्ये अडकून काही तासांनी वाकल्यावर भसकन पडतं, तेव्हा घाबरून जायला होतं. पण नेती बंद केल्यावर ते दोनेक दिवसांत संपायला हवं. सीएसएफची तऱ्हा वेगळी. बहुधा एकच बाजू. नळाच्या पाण्यासारखं पातळ, चवीला खारट, आणि वर ओढून घेऊ म्हटलं तर ओढता येत नाही. फरशी पुसताना, वाकून नमस्कार करताना, कुकर उचलताना टपटपतं. रात्री उताणं झोपल्यावर ते मागे घशात उतरतं, म्हणून काहींना रात्रीचा कोरडा खोकला असतो. सकाळी उठून मान पुढे केली की सायनसमध्ये साठलेलं एकदम ओघळतं. नाक गळलं की डोकं हलकं होतं आणि गळणं थांबलं की डोकं जड होतं, असं आई सांगत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे वाक्य पुढे फार कामाला येतं, कसं ते खाली सांगतो.

जुनी रुमालाची खूण अजूनही उपयोगी आहे. स्वच्छ सुती रुमालावर ते पाणी पडू द्या आणि वाळू द्या. शेंबडात चिकट द्रव्य असतं, त्याने रुमाल खळ दिल्यासारखा कडक होतो. सीएसएफने तो मऊच राहतो. अर्थात ही खूण आहे, तपासणी नव्हे.

एक तपासणी मात्र करू नका: साखर मोजायच्या पट्टीवर तो थेंब टाकून ‘साखर आली, म्हणजे मेंदूचं पाणी’ असा निष्कर्ष. अश्रूंमध्ये आणि नाकाच्या स्रावातही थोडी साखर असू शकते, मधुमेह्याच्या तर बहुधा. उलट मेंदूज्वर झालेला असेल तर सीएसएफमधली साखर घटते आणि पट्टी कोरी येते. म्हणजे नको तिथे होकार आणि हवा तिथे नकार.

खात्रीची तपासणी बीटा-२ ट्रान्सफेरिनची. हे प्रथिन सीएसएफमध्ये असतं. नाकाच्या स्रावात, अश्रूंत, लाळेत नसतं. १ मिली पाणी पुरतं, पण ते १ मिली जमवण्यातच निम्मे लोक अडतात. पद्धत अशी: सकाळी उठल्या उठल्या, नाक न पुसता, खुर्चीत बसून हनुवटी छातीला लावायची आणि त्या नाकपुडीखाली लॅबने दिलेली निर्जंतुक झाकणाची बाटली धरायची. पाच-दहा मिनिटं तशीच. कापसात किंवा गॉझमध्ये टिपलेलं पाणी पाठवू नका, त्यातून पुरेसं परत निघत नाही. एका सकाळी जमलं नाही तर बाटली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या सकाळी त्यातच भर घाला आणि बर्फाच्या पिशवीत पाठवा. नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या मध्यवर्ती लॅबकडे जातो, म्हणून निकालाला काही दिवस लागतात. सोबत रक्ताचा नमुनाही द्यावा, कारण जुनाट यकृतविकारात हे प्रथिन कधी कधी रक्तातही सापडतं आणि निकाल फसवा ठरतो.

पाणी सीएसएफ आहे हे ठरलं की दुसरा प्रश्न: भोक कुठे? इथे साधा एक्स-रे काही दाखवत नाही. सायनसचा बारीक कापांचा सीटी लागतो, १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, आडव्या, उभ्या आणि बाजूच्या अशा तिन्ही प्रतलांत बघता येईल असा. नेहमीचा ३-५ मिलिमीटर कापांचा सीटी काढून आणला तर दोन कापांच्या मधे भोक निसटतं आणि पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. सीटी हाडाची फट दाखवतो. त्या फटीतून काय खाली आलंय हे एमआरआय दाखवतो. नुसतं पाणी, की मेंदूच्या आवरणाची पिशवी, की आवरणासोबत मेंदूचा कोंभ? एमआरआय मागताना पाणी ठळक दिसणारे बारीक कापांचे सिक्वेन्स हवेत असं चिठ्ठीवर लिहून घ्या. हे दोन्ही जुळले की बहुतेकांना पाठीतून औषध घालून करायच्या सीटी सिस्टर्नोग्राफीची गरज पडत नाही. शिवाय ती तपासणी चालू असताना गळत नसेल, तर तिच्यातही काही दिसत नाही.

जागा ठरावीक असतात. नाकाच्या छतात वासाचे तंतू जिथून उतरतात ते चाळणीसारखं हाड, म्हणजे क्रिब्रिफॉर्म प्लेट. तिच्या शेजारचं एथमॉइडचं, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या सायनसचं छत. आणि अगदी मागे स्फेनॉइड सायनसचा बाहेरच्या बाजूला पसरलेला कोपरा. चाळणीशेजारची उभी भिंत कवटीच्या तळातल्या सर्वांत पातळ हाडांपैकी एक. ती किती उंच आहे यावर केरॉस या डॉक्टरांनी १९६२ साली तीन प्रकार पाडले: ३ मिलिमीटरपर्यंत, ४ ते ७, आणि ८ ते १६. तिसऱ्या प्रकारात सायनसचं ऑपरेशन करताना हत्यार आत जायचा धोका सर्वाधिक, म्हणून कुठल्याही सायनस ऑपरेशनआधी सीटीवर हे मोजतात. निदान मोजायला हवं.

कधी कधी नाकाच्या छतात काहीच सापडत नाही आणि पाणी तर सीएसएफच असतं. तेव्हा कान बघा. कानामागच्या हाडाला भोक असेल आणि कानाचा पडदा शाबूत असेल, तर पाणी कानातून बाहेर न येता कान आणि घसा जोडणाऱ्या नळीने नाकामागे उतरतं आणि नाकातून गळतं. रुग्णाची तक्रार असते ‘कान भरल्यासारखा वाटतो’. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठलं म्हणून पडद्यात ग्रोमेट (पाणी निघून जायला बसवायची बारीक नळी) टाकलं, आणि दिवसेंदिवस स्वच्छ पाणी वाहतच राहिलं, तर तो कानाचा संसर्ग समजून थेंबांवर थेंब देत बसू नये. असाच दुसरा सापळा लहान मुलांचा: बाळाच्या एका नाकपुडीत मांस दिसतंय, रडलं की फुगतंय, तर एमआरआय आधी, चिमट्याने तुकडा काढणं नंतर. तो मेंदूचा खाली उतरलेला भाग असू शकतो.

आता तुमच्या आईंच्या बाबतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अपघातात कवटीला तडा गेला असेल तर बहुतेकांची गळती डोकं उंच ठेवून झोपणं आणि विश्रांती एवढ्यावर आठवडा-दहा दिवसांत थांबते. सायनसच्या ऑपरेशनमध्ये भोक पडलं तर ते तिथल्या तिथे बुजवायचं असतं. पण अपघात नाही, ऑपरेशन नाही, आणि मध्यमवयीन, वजन जास्त असलेल्या बाईच्या नाकातून आपोआप पाणी सुरू झालं, तर भोक हा बहुधा परिणाम असतो. कारण असतं डोक्याच्या आतला वाढलेला दाब. वर्षानुवर्षं तो दाब पातळ हाडावर धडकत राहतो, हाड झिजतं, आवरण त्यातून फुग्यासारखं खाली येतं आणि एक दिवस फुटतं. मग गळती म्हणजे कुकरची शिट्टी: वाफ जाते, दाब उतरतो, डोकं हलकं होतं. डोकं जड-हलकं होण्याबद्दल वर विचारलं ते यासाठी.

यातून दोन फसगती होतात. गळती चालू असताना पाठीत सुई घालून डोक्यातला दाब मोजला तर तो ठीक येतो, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूजही दिसत नाही, आणि ‘दाब नाही’ असा शेरा पडतो. भोक बुजवल्यावर तोच दाब वर येतो. दुसरी फसगत शस्त्रक्रियेनंतरची: शिट्टी बंद केली, आच मात्र तेवढीच. काही महिन्यांनी दुसऱ्या जागी गळू लागतं आणि दोष पहिल्या ठिगळाला दिला जातो. म्हणून एमआरआयमध्ये दाबाच्या खुणा शोधायला सांगा: मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी बसते ती खोबणी रिकामी दिसणं, डोळ्याच्या नसेभोवती जास्त पाणी, डोळ्याच्या गोळ्याचा मागचा भाग चपटा होणं, मेंदूच्या मोठ्या शिरा बाजूला अरुंद झालेल्या असणं. आईंना घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण झोपेतल्या त्या अडथळ्यानेही दाब चढतो.

शस्त्रक्रिया. वॉल्टर डँडी या मेंदूच्या सर्जनने १९२६ मध्ये कवटी उघडून अशी गळती बंद केली, आणि त्यानंतर अनेक दशकं कपाळाचं हाड उघडणं हाच राजरस्ता होता. त्यात वास बहुधा कायमचा जायचा. १९८१ मध्ये विगांड या सर्जनने दुर्बिणीने नाकातूनच भोक बुजवल्याचं नोंदवलं. आज बहुसंख्य गळती याच मार्गाने दुरुस्त होतात, पहिल्याच प्रयत्नात सुमारे ९० टक्के वेळा. बाहेर टाका दिसतो तो फक्त मांडीवर किंवा पोटावर, चरबी वा फॅशिया (स्नायूवरचा चिवट पापुद्रा) घेतला असेल तिथे.

भूल देणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं की मास्कने दाबून हवा भरायची नाही, ती भोकातून मेंदूकडे जाते. भोक नेमकं सापडत नसेल तर पाठीतून फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग देतात: जपण्याचं रसायन न मिसळलेलं १० टक्क्यांचं ०.१ मिली, रुग्णाच्याच १० मिली सीएसएफमध्ये मिसळून, किमान १० मिनिटांत सावकाश. दुर्बिणीखाली मग हिरवट-पिवळी धार दिसते. मात्रा जास्त झाली किंवा घाईने दिली तर झटके येऊ शकतात, आणि या कामासाठी हे औषध अधिकृतपणे मंजूर नाही, म्हणून त्याची वेगळी लेखी संमती घेतात. याबद्दल काही न सांगता सहीचा कागद पुढे आला तर तुम्ही विचारा.

भोक दिसलं की सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत निर्णायक काम सुरू होतं: कडा तयार करणं. भोकाभोवतीची निदान ५ मिलिमीटर नाकाच्या आतली ओली त्वचा खरवडून हाड उघडं करायचं. ओल्या त्वचेवर ठिगळ धरत नाही, आणि त्वचेचा तुकडा ठिगळाखाली अडकला तर तो आत स्राव करत राहतो, वर्षांनी तिथे शेंबडाची गाठ फुगते. आवरणाची पिशवी खाली लोंबत असेल तर ती आत ढकलायची नसते. बायपोलरने, म्हणजे विजेवर जाळणाऱ्या चिमट्याने, हळूहळू आकसून देठापर्यंत आणायची. नाकात उतरलेला तो मेंदूचा भाग कामाचा राहिलेला नसतो आणि तो जंतूंनी दूषित धरायचा. न जाळता कापला आणि त्यातली रक्तवाहिनी वर आत सरकली, तर कवटीत रक्तस्राव होतो, तिथे नाकातून हात पोचत नाही.

मग ठिगळ. २-३ मिलिमीटरचं भोक असेल तर चरबीचा बूच पुरतो: कानाच्या पाळीतून किंवा पोटातून घेतलेला चरबीचा गोळा, त्यात ओवलेला दोरा, भोकातून वर सारायचा आणि दोरा खाली ओढून बूच घट्ट बसवायचा. वर नाकाच्या त्वचेचं झाकण. भोक मोठं असेल तर हाडाच्या वर, कडांच्या ३-५ मिलिमीटर पलीकडे जाईल एवढा मांडीचा फॅशिया, गरज पडली तर नाकाच्या पडद्यातला हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा, आणि खाली पुन्हा एक थर. डोक्यातला दाब वाढलेल्या रुग्णात मी तो हाडाचा किंवा कूर्चेचा कडक थर सोडू नये या मताचा आहे; नुसत्या मऊ ठिगळाला खालून आधार नसतो. मोकळा त्वचेचा तुकडा वापरला तर दोन गोष्टी: तो आक्रसतो, म्हणून मोठा कापायचा, आणि त्याची ओली बाजू नाकाकडेच हवी. घेतल्या घेतल्या ओल्या बाजूवर शाईचा ठिपका देतात तो त्यासाठी, कारण रक्ताने माखल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मोठ्या भोकाला नाकाच्या पडद्यावरून रक्तवाहिनीसकट उचललेली झडप लावतात. अर्जेंटिनातल्या सर्जननी २००६ मध्ये मांडलेली ही हदाद-बासागास्तेगी झडप आता जगभर रुळली आहे. शेवटी फायब्रिन ग्लू (जैविक गोंद), जेलफोम (विरघळणारा स्पंज) आणि नाकात भरायचा पॅक, जो साधारण ५ ते ७ दिवसांनी काढतात.

स्फेनॉइडच्या बाहेरच्या कोपऱ्यातलं भोक सरळ समोरून दिसत नाही. तिथे गालाच्या सायनसची मागची भिंत काढून वाट करावी लागते, आणि त्या वाटेवर अश्रुग्रंथीला व गालाला जाणाऱ्या नसा आहेत. डोळा कोरडा पडणं, गाल-टाळू बधिर होणं हे धोके त्यात येतात. चाळणीच्या हाडावरच्या दुरुस्तीत त्या बाजूचा वास कमी होऊ शकतो. भोक कुठे आहे यावर धोक्यांची यादी बदलते, म्हणून संमतीपत्र वाचताना आधी जागा विचारा.

नंतरची पथ्यं ४ ते ६ आठवडे: डोक्याखालची बाजू ३० अंश उंच, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, ५ किलोच्या वर उचलायचं नाही. शौचाला कुंथायचं नाही. लॅक्टुलोज किंवा इसबगोल पहिल्या दिवसापासून, बद्धकोष्ठ होण्याची वाट न बघता. भारतीय पद्धतीचं शौचकूप असेल तर वर ठेवायची खुर्ची आणून ठेवा. रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा दाबून देणारा पंप) लावत असतील तर तो ठिगळावर हवा दाबतो, केव्हा सुरू करायचा हे सर्जन सांगतील. सीएसएफ थोडं थोडं काढून दाब कमी ठेवायला पाठीत घालतात ती नळी सर्वांनाच लागत नाही. लावली तर ताशी ५ ते १० मिलीपेक्षा जास्त पाणी जाऊ द्यायचं नसतं. जास्त ओढलं गेलं की नाकातली हवा कवटीत शोषली जाते. पिशवीची उंची कुणी नातेवाइकाने ‘सोयीसाठी’ हलवू नये, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

डोक्यातल्या दाबासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड देतात, बहुधा २५० मिलिग्रॅम दोनदा सुरू करून वाढवत. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव विचित्र लागते; हे अपेक्षित आहे. मूत्रपिंड, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट तपासत राहावं लागतं, मुतखड्याचा इतिहास आणि सल्फाची अ‍ॅलर्जी आधी सांगावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तीही दाखवा, दोन्हींनी मिळून पोटॅशियम उतरतं. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी दाब मोजणं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मागचा पडदा बघून घेणं हे सोडू नका. तेव्हाच तो खरा दिसतो. वजन हळूहळू ५ ते १० टक्के उतरलं तरी दाबावर परिणाम होतो. गोळ्यांनी आवरत नसेल तर मेंदूचे सर्जन शंट, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणारी आतली नळी, टाकतात.

आणि न्यूमोकॉकसची लस. मेंदूज्वराचा या वाटेने येणारा नेहमीचा जंतू तो, आणि मधुमेहामुळे आईंना ती तशीही द्यायला हवी. शस्त्रक्रियेची तारीख लांब असेल तर थांबून राहू नका. नुसत्या गळतीसाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देण्याचा मात्र फायदा दिसलेला नाही.

शस्त्रक्रियेआधी किंवा नंतर केव्हाही ताप, मान ताठ होणं, उलट्या, उजेड सहन न होणं, बरळणं यांतलं काही दिसलं, तर ओपीडीची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘यांच्या नाकातून मेंदूभोवतीचं पाणी गळतं.’ हे कळलं नाही तर तो ताप तिथे व्हायरल म्हणून बघितला जातो. सीटीची सीडी आणि बीटा-२चा निकाल एकाच पिशवीत, दाराजवळ ठेवा.